जमिनीची खातेवही : खताचा हिशेब कसा मांडावा?

या पानाचे वाचक बहुतेक व्यापारी आहेत, पण त्यांच्यापैकी पुष्कळांची गावाकडे दोन-चार एकर जमीन असते. कोणी ती बटाईने दिलेली असते, कोणाचा धाकटा भाऊ ती कसतो, कोणी घरच्या दुधासाठी दोन-तीन म्हशी बाळगून त्यांच्यासाठी गवताचा एक तुकडा राखलेला असतो. दुकानात मीटरमागे दोन रुपये सुटतात की नाही हे बारकाईने पाहणारा माणूस गावाकडून फोन आला की, "दहा गोण्या खत घ्यायचे आहे," एवढ्यावर पैसे पाठवून मोकळा होतो. कोणत्या गोण्या, कोणत्या पिकाला, किती एकरांसाठी, याची विचारपूस होत नाही. खेड्यातले कृषी सेवा केंद्र हंगामाला उधार माल देते, आणि पीक हाती येते तेव्हा पहिली वसुली त्याच उधारीची होते. खताचा हिशेब चुकला तर तो उन्हाळ्यात कळतो, आणि तोवर पैसा गेलेला असतो.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तिथे खत म्हणजे चिठ्ठी. मराठीत आलो तर खरेदीखत निघाले आणि शेतातही खत निघाले. शब्दांचा हा योगायोग असला तरी कापडाच्या धंद्यात राहून आमचे मत असे झाले आहे की शेतातल्या खतालाही कागद लागतो. माल किती शिल्लक आहे, किती आला, किती गेला आणि कोणत्या भावाने गेला, एवढे चार रकाने ज्याला भरता येतात त्याला खताचे नियोजन करता येते. त्यासाठी शेतकी महाविद्यालयाची पदवी लागत नाही.

प्रथम गोणीतला माल ओळखू. पिकाला नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन अन्नद्रव्ये मोठ्या प्रमाणात लागतात. गोणीवर जे आकडे छापलेले असतात ते याच क्रमाने असतात आणि ते शेकडा प्रमाण असते. युरियात ४६ टक्के नत्र असते, बाकी दोन्ही शून्य. डीएपीवर १८:४६:० लिहिलेले असते, म्हणजे १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद आणि त्याबरोबर ११ टक्के गंधक, ज्याचा पैसा वेगळा मोजावा लागत नाही. १०:२६:२६, १२:३२:१६, १५:१५:१५ ही मिश्र खते. कापडावर ६७:३३ असे पॉलिस्टर आणि सुताचे प्रमाण छापलेले असते, तसाच हा प्रकार आहे. आकडा वाचल्याशिवाय भाव करू नये.

आता किलोचा हिशेब. युरियाची गोणी २०१८ पासून ५० किलोऐवजी ४५ किलोची झाली. तिच्यात नत्र निघते २० किलो ७०० ग्रॅम. डीएपीची गोणी ५० किलोची, तिच्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. म्युरेटच्या ५० किलोत ३० किलो पालाश. सुपर फॉस्फेटच्या ५० किलोत ८ किलो स्फुरद आणि साडेपाच किलो गंधक. हे पाच-सहा आकडे पाठ करावेत, पुढचे सगळे गणित यांच्यावर चालते.

२०२५ साली युरियाची गोणी सुमारे २६६ रुपये ५० पैशांना आणि डीएपीची १,३५० रुपयांना मिळत होती. युरियाचे पैसे २० किलो ७०० ग्रॅमांनी भागले तर एक किलो नत्र तेरा रुपयांच्या आत पडते. डीएपीतल्या ९ किलो नत्राचे याच दराने ११६ रुपये वजा केले तर उरलेल्या १,२३४ रुपयांत २३ किलो स्फुरद मिळते, म्हणजे किलोला जवळजवळ ५४ रुपये. नत्राच्या चौपट भाव! दोन्ही गोण्या सारख्याच दिसतात, खांद्यावर सारख्याच जड लागतात, आणि शेतकरी "इतक्या गोण्या टाकल्या" असे मोजतो. लठ्ठा आणि रेशीम एकाच गजाने मोजून एकच भाव लावल्यासारखे हे झाले. गोणी मोजू नये, तिच्यातले किलो मोजावेत.

यानंतर गोदामात शिल्लक काय आहे ते पाहायचे, म्हणजे माती तपासायची. केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी २०१५ रोजी मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली, आणि त्यानंतर खेडोपाडी ही पत्रिका पोहोचली. पण पुष्कळ घरांत ती रेशन कार्डाबरोबर पिशवीत पडून असते. काढून वाचावी. तिच्यात बारा बाबी असतात. उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोच्या खाली असेल तर कमी, २८० ते ५६० मध्यम. पालाश हेक्टरी २८० च्या वर असेल तर भरपूर. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर जमीन भुकेली आहे असे समजावे. आपल्या पठारावरच्या काळ्या जमिनीत साधारणपणे नत्र कमी, स्फुरद कमी ते मध्यम आणि पालाश चांगले सापडते. जस्त आणि लोह यांचीही कमतरता अनेक ठिकाणी दिसते. पण "साधारणपणे" या शब्दावर धंदा करू नये. आपल्या शेताचा आकडा आपल्याच शेतातून यावा.

त्यासाठी नमुना नीट घ्यावा लागतो. थानाच्या वरच्या घडीवरून अख्ख्या गाठीचा भाव ठरवणारा व्यापारी जसा फसतो, तसा बांधाजवळची मूठभर माती पाठवणारा शेतकरी फसतो. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यावा आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती खरवडून घमेल्यात गोळा करावी. झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची, पाटाच्या कडेची आणि जनावरे बसतात तिथली माती घेऊ नये. सगळी एकत्र मिसळून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करत जावे. काळी आणि मुरमाड जमीन एकाच पिशवीत मिसळू नये, दोघींचे दोन नमुने करावेत. पीक निघाल्यावर आणि नवे खत पडण्यापूर्वी, म्हणजे उन्हाळ्यात, हे काम उरकले तर अहवाल मृगाच्या आधी हाती येतो.

आता कपाशीकडे येऊ. कापूस आमच्या धंद्याचा कच्चा माल, म्हणून इथे जरा थांबतो.

शेतातून एक क्विंटल कापूस जिनिंगला गेला की साधारण एक तृतीयांश रुई निघते आणि दोन तृतीयांशाच्या जवळपास सरकी. रुई म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, नव्वद टक्क्यांहून अधिक. सेल्युलोज कशाचे बनते? हवेतल्या कर्बवायूचे आणि पाण्याचे. त्यात नत्र नाही, स्फुरद नाही, पालाश नाही. १७० किलोच्या एका गाठीत उरल्यासुरल्या प्रथिनांतून अर्धा किलोसुद्धा नत्र जमिनीबाहेर जात नाही. म्हणजे आपण दुकानात जे सुती कापड विकतो ते जमिनीला फारसे लुटत नाही. जमिनीचा माल जातो तो सरकीतून.

एकरी दहा क्विंटल कापूस धरला तर त्यात सरकी साडेसहाशे किलो. तिच्यात सुमारे २० टक्के प्रथिने, म्हणजे १३० किलो. प्रथिनांच्या वजनाला सव्वासहाने भागले की नत्र मिळते, हा रसायनशास्त्राचा नियम आहे. भागाकार केला तर साधारण २१ किलो नत्र येते. बरोबर एक गोणी युरिया! तेवढे एका एकरातून दरवर्षी सरकीच्या पोत्यात बसून गावाबाहेर जाते. त्याबरोबर स्फुरद आणि पालाशही जातात.

पुढची गंमत अशी की सरकी घाण्यावर गेल्यावर तेल वेगळे होते, आणि तेलही रुईसारखेच, त्यात यांपैकी काही नाही. जमिनीचा सगळा माल पेंडीत राहतो. ज्या शेतकऱ्याने कापूस विकून त्याच पैशातून सरकी पेंड विकत आणली आणि म्हशींना चारली, त्याने आपला बराचसा माल घरी परत आणला, दूध मिळाले ते वेगळे. ज्याने पेंड आणली नाही त्याला तो गोणीतून विकत आणावा लागतो. आणि पऱ्हाटी? ती चुलीत किंवा बांधावर जाळली तर नत्र आणि गंधक धुरात जातात, राखेत पालाश उरते. राख तरी शेतात जाते का हे पाहावे. बारीक करून जमिनीत गाडण्याची यंत्रे आता आली आहेत. भाड्याचा आकडा आणि मजुरीचा आकडा शेजारी शेजारी मांडून मग निर्णय घ्यावा. गुलाबी बोंडअळीच्या दृष्टीनेही पऱ्हाटी शेतात उभी राहू नये असेच कृषी खाते सांगते.

कपाशीला नत्र एकदम देऊ नये. पेरणीच्या वेळी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी असे हप्ते पाडावेत. पाऊस लांबला तर हप्ता थांबवता येतो, आधीच टाकलेले खत परत उचलता येत नाही. उशिरा युरिया टाकला की झाड हिरवेगार दिसते आणि मालक खूश होतो, पण त्या कोवळ्या पानांवर तुडतुडे आणि मावा वाढतात, बोंडे उशिरा फुटतात आणि फवारणीचा खर्च चढतो.

पालाश कमी पडले तर त्याचा पुरावा आमच्यापर्यंत येतो. बोंड भरताना पालाश अपुरे असेल तर तंतूची भिंत नीट भरत नाही, तंतू कच्चा राहतो. कच्चा तंतू रंग धरत नाही. गडद निळ्या किंवा काळ्या रंगाच्या थानावर पांढरे बारीक ठिपके दिसतात आणि गिऱ्हाईक माल परत करते. अशा ठिपक्यांना इतरही कारणे असतात, रोग असतो, शेवटच्या वेचणीचा कापूस मिसळलेला असतो. पण रंगाऱ्याला दोष देण्यापूर्वी कापूस कुठल्या जमिनीतून आला हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. काळ्या जमिनीत पालाश भरपूर असते म्हणून ते कधीच द्यायचे नाही, ही समजूत आता तपासून पाहावी. शिल्लक कितीही मोठी असली तरी रोज काढत राहिले तर खाते रिकामे होते.

आता एक हिशेब पूर्ण मांडू. बागायत गव्हाला वेळेवर पेरणी असेल तर हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी शिफारस आपल्याकडे प्रचलित आहे. अडीच एकरांचा हेक्टर धरला तर एकरी ४८, २४ आणि १६. समजा पत्रिकेत नत्र कमी, स्फुरद मध्यम आणि पालाश फारच भरपूर आले. रीत अशी की कमी असेल त्याची मात्रा सव्वापट करायची, मध्यम असेल तर तीच ठेवायची, भरपूर असेल तर पाऊणपट आणि फारच भरपूर असेल तर निम्मी. मग आकडे होतात नत्र ६०, स्फुरद २४, पालाश ८.

यातून घरचे शेणखत वजा करायचे. हे वजा करायला लोक हमखास विसरतात. चांगल्या कुजलेल्या एक टन शेणखतात ढोबळ मानाने ५ किलो नत्र, २ किलो स्फुरद आणि ५ किलो पालाश असते. पण ते सगळे पहिल्याच पिकाला मिळत नाही. नत्राचा तिसरा हिस्सा, स्फुरदाचा निम्म्याहून थोडा अधिक आणि पालाशाचा पाऊण हिस्सा पहिल्या वर्षी मिळतो असे धरावे. एकरी दोन टन शेणखत घातले असेल तर नत्राचे ३ किलो, स्फुरदाचे अडीच आणि पालाशाचे साडेसात किलो जमा झाले. उरले नत्र ५७, स्फुरद साडेएकवीस, पालाश अर्धा किलो, म्हणजे शून्यच.

आता खरेदी. डीएपीची एक गोणी घेतली की २३ किलो स्फुरद आले, गरज भागली, आणि ९ किलो नत्र बरोबर आले. नत्राची बाकी ४८ किलो. तिला २० किलो ७०० ग्रॅमांनी भागले की सव्वादोन गोण्यांहून थोडा जास्त युरिया. खर्च १,३५० अधिक सुमारे ६१५, एकूण दोन हजारांच्या आत. याच शेतात शेजाऱ्याचे पाहून १०:२६:२६ च्या दोन गोण्या टाकल्या असत्या, तर स्फुरद २६ किलो मिळाले असते ते ठीक, पण २६ किलो पालाशाचे पैसेही मोजावे लागले असते, जे या जमिनीला या वर्षी नकोच आहे. ज्या शेतात पालाश कमी आहे तिथे हेच १०:२६:२६ सोयीचे ठरते. खत वाईट नसते, ते चुकीच्या शेतात पडते.

देण्याची पद्धतही भावाइतकीच महत्त्वाची आहे. डीएपी पूर्ण पेरणीबरोबर, आणि तेही बियाण्याच्या खाली पडेल असे, दोन चाड्यांच्या पाभरीने. स्फुरद जमिनीत जागचे हलत नाही, आणि आपल्या चुनखडीच्या जमिनीत ते लवकर अडकून बसते. वर फेकलेले स्फुरद मुळांना सापडत नाही. युरियाची एक गोणी पेरणीच्या वेळी आणि उरलेला तीन आठवड्यांनी, जेव्हा गव्हाची मुकुटमुळे फुटतात, तेव्हा पाण्याच्या पाळीबरोबर द्यावा. कोरड्या काळ्या जमिनीवर युरिया उघडा पडला की त्याचा अमोनिया होऊन उडतो. सकाळी फेकला आणि पाणी चार दिवसांनी दिले, तर गोणीतला काही हिस्सा हवेने नेला असे समजावे.

सोयाबीन, हरभरा, तूर यांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जिवाणू हवेतून नत्र घेतात. त्यांना सुरुवातीला थोडे नत्र पुरते. सोयाबीनला वरून युरिया मारणे म्हणजे ज्याच्या घरात विहीर आहे त्याला टँकरने पाणी विकणे. तेलबियांना सुपर फॉस्फेट बरे पडते, कारण गंधकाने तेल भरते. झिंक सल्फेट डीएपीत मिसळू नये, दोघे एकमेकांना बांधून टाकतात.

गवताचा विचार वेगळा करावा लागतो, कारण गवतात आपण दाणा घेत नाही, सगळे झाड उचलून नेतो आणि वर्षातून अनेकदा नेतो. वीस गुंठे संकरित नेपियर आहे आणि वर्षाला २० टन हिरवा चारा निघतो असे धरा. बागायतीला हे जास्त नाही. त्यात पाणी बहुतेक, कोरडा चारा ४ टन. त्यात ८ टक्के प्रथिने धरली तर ३२० किलो, सव्वासहाने भागून ५१ किलो नत्र, म्हणजे अडीच गोण्या युरिया. पालाशाचा आकडा याहून मोठा आहे. कोरड्या गवतात २ टक्के पोटॅशियम धरले, तर गोणीवरच्या भाषेत ते ९६ किलो पालाश होते, म्युरेटच्या तीन गोण्यांहून जास्त. अर्ध्या एकरातून! म्हणून ज्या तुकड्यातून पाच वर्षे सतत गवत कापले तिथली माती शेजारच्या गव्हाच्या शेतापेक्षा निराळी असते. तिचा नमुना स्वतंत्र पाठवावा.

हे गवत विकले तर सगळे गेले. घरच्या जनावरांना घातले तर दुधातून फार थोडे जाते. हजार लिटर दुधात नत्र सुमारे ५ किलोच असते. जनावराने खाल्लेल्या नत्राचा पाऊण हिस्सा शेणामूत्रातून मागे येतो, आणि पालाश तर बहुतांश मूत्रातून येते. आपल्याकडे शेण गोळा होते आणि मूत्र गोठ्याच्या जमिनीत मुरते, म्हणजे पालाशाची तिजोरी उघडी राहते. गोठ्याला फरशी, थोडा उतार आणि कडेला एक टाके, नाहीतर निदान जनावरांखाली रोज वाळलेला पालापाचोळा पसरून तो उकिरड्यात नेणे, एवढ्या खर्चात म्युरेटच्या गोण्या वाचतात. उकिरडा उन्हात उघडा ठेवू नये, खड्ड्यात भरून मातीने लिंपावा. हेच खत फिरून गवताच्याच तुकड्यात गेले पाहिजे. लोक ते कपाशीत नेतात आणि गवत उपाशी राहते. गवताला प्रत्येक कापणीनंतर थोडा युरिया पाण्याबरोबर द्यावा, वर्षाचा एकदम नको. लसूणघासाला मात्र युरियाची गरज फार थोडी, त्याला स्फुरद हवे.

डोंगरउतारावरचे पवन्या, मारवेल असे नैसर्गिक कुरण असेल तर हात आखडता ठेवावा. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे गवताच्या एका मैदानावर १८५६ पासून खतांचा प्रयोग चालू आहे, जगातला या प्रकारचा सर्वांत जुना. तिथे दिसले ते असे की नत्र भरपूर दिलेल्या तुकड्यांत गवत वाढले, पण त्यातल्या वनस्पतींच्या जाती उरल्या मोजक्या, आणि खत न दिलेल्या तुकड्यांत अनेक जाती टिकून राहिल्या. अमोनियाच्या खताने तिथली माती आम्लही झाली. कुरणात शेंगवर्गीय झाडे असतील तर ती फुकटचे नत्र देतात, युरिया मारून त्यांना हुसकावू नये.

जनावरांच्या जिवाच्या दोन गोष्टी इथेच सांगतो. कोवळ्या ज्वारीत एक विषारी द्रव्य असते, पावसाने ताण दिला आणि नत्र जास्त झाले तर ते वाढते. खेड्यात किराळ लागली म्हणतात, आणि जनावर तासाभरात जाते. ज्वारी फुलोऱ्यात आल्याशिवाय कापून घालू नये. दुसरे, युरिया विरघळवलेल्या पाण्याचे पिंप आणि युरियाच्या रिकाम्या गोण्या जनावरांपासून दूर ठेवाव्यात. तहानलेली म्हैस ते पाणी पिते आणि लाखाचे नुकसान होते.

बाजाराकडे वळू. २५ ऑगस्ट १९९२ रोजी सरकारने स्फुरद आणि पालाशाची खते नियंत्रणातून मोकळी केली, युरिया नियंत्रणातच राहिला. एका वर्षात देशातला नत्र, स्फुरद, पालाश यांच्या वापराचा मेळ ५.९ : २.४ : १ वरून ९.५ : ३.२ : १ वर गेला. भाव वाढला तिकडून शेतकऱ्याने हात काढला, स्वस्त होते ते जास्त टाकले. १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्यावर आधारित अनुदान आले, तेव्हाही युरिया बाहेरच ठेवला गेला. आमच्या मते हिरवेगार शेत पाहून फसण्याचे मूळ इथे आहे. युरिया स्वस्त आहे म्हणून पिकाची भूक नत्राचीच आहे असे होत नाही. आणि म्युरेट सगळे परदेशातून येते, त्यामुळे त्याचा भाव आपल्या हातात नाही. म्हणून मूत्राचे टाके.

२०२१ मध्ये नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली बाजारात आली. सुरुवातीच्या बाटलीत नत्र ४ टक्के होते, म्हणजे अर्ध्या लिटरात २० ग्रॅम. गोणीत २० किलो. नंतर टक्केवारी वाढवली गेली, तरी ती ग्रॅमांतच राहते. पानांवर फवारलेले खत जास्त कामी येते असा दावा आहे. ज्याला पाहायचे त्याने चार ओळींवर पाहावे, सगळ्या शेताची गोणी बंद करू नये.

दुकानातून पक्की पावती घ्यावीच. खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे ती देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे, आणि गोणीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त मागता येत नाही. टंचाईच्या दिवसांत युरियाबरोबर दुसरी बाटली किंवा पाकीट घ्यावेच लागेल असे काही ठिकाणी सांगतात. अशी सक्ती करता येत नाही, तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावी. मालाची परीक्षाही घरी होते. सुताचा धागा जाळला तर कागदासारखा वास येतो आणि पॉलिस्टरचा गोळा होतो, तसेच इथे आहे. युरियाचे दाणे तव्यावर वितळतात आणि आच वाढवली की मागे काही राहत नाही. डीएपीचे दाणे चुन्याबरोबर हातावर चोळले की नाकाला झोंबणारा वास येतो. म्युरेट पाण्यात टाकले की लाल रंगाचा भाग वर तरंगतो. शंका आली तर गोणी शिवलेल्या स्थितीत ठेवून कृषी निरीक्षकाला कळवावे.

ज्यांची जमीन बटाईने आहे त्यांच्यासाठी एक मुद्दा राहतो. करारात खताचा खर्च निम्मा-निम्मा लिहिलेला असतो आणि दाण्याची वाटणीही निम्मी असते, पण कडबा कोणाचा याची नोंद नसते. एक टन ज्वारीच्या कडब्यात सुमारे १३ किलो पालाश आणि ५ किलो नत्र असते. कडबा बटाईदाराच्या गोठ्यात गेला आणि तिथले शेण त्याच्या स्वतःच्या शेतात पडले, तर दरवर्षी मालकाच्या जमिनीतून माल निघतो आणि शेजारच्या जमिनीत जमा होतो. त्यात त्याची बेइमानी नाही, कागदावर लिहिलेच नव्हते. म्हणून बोली करताना दोन ओळी वाढवाव्यात : कडबा किती टन गेला, आणि त्याच्या बदल्यात कुजलेल्या शेणखताच्या किती गाड्या याच शेतात पाडव्यापूर्वी पडतील. गाडीचे वजन एकदा काट्यावर करून घ्यावे, म्हणजे पुढच्या वर्षी वाद होत नाही.